दिवस गेले म्हणून काम जात नाही

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आजचा विषय आपल्या प्रत्येकीच्या घरातला आहे. आपली मुलगी असेल, सून असेल, जाऊबाई असेल, नाहीतर आपण स्वतः.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचं डोहाळजेवण झालं. रविवार होता. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी भरली, ओटी भरली. बायकांनी गाणी म्हटली. सगळ्या म्हणाल्या, "आता जपून राहा गं, जड उचलू नकोस." सोमवारी ती नेहमीप्रमाणे डबा घेऊन एमआयडीसीतल्या मसाल्याच्या कारखान्यात गेली. दोन वर्षं तिथं पॅकिंगच्या टेबलावर होती. सुपरवायझर म्हणाला, "ताई, आता तुम्ही घरीच थांबा. खोकी उचलायला तुम्हाला जमायचं नाही. बाळंतपण झालं की बघू." आणि एक कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं, 'मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे.' तिचा तीन आठवड्यांचा पगार अडकला होता. सही केली तरच पगार, असं सांगितलं. तिनं सही केली.

आम्हाला हे कधी कळलं? महिन्याच्या मीटिंगमध्ये. कर्जाचा हप्ता पुढं ढकला म्हणून ती सांगायला आली, तेव्हा. का, असं विचारलं तर म्हणाली, "काम सुटलं." सुटलं म्हणाली, काढलं म्हणाली नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणींना तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही, हेही आम्ही कबूल करतो. कुणीतरी म्हटलंसुद्धा, "बरं झालं, आता आराम कर." आराम आणि बिनपगारी घरी बसवणं यातला फरक आम्हाला त्या दिवशी कळला नव्हता. तो आम्ही पुढं शिकलो. तेच आज तुम्हाला सांगतो.

हे दान नाही

आधी थोडं मागं जाऊ. बाळंतपणाची पगारी रजा ही काही काल-परवा निघालेली गोष्ट नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्याच कोकणातल्या, घाटावरच्या बायका कामाला होत्या. बाळंतपणाच्या दिवसापर्यंत राबायच्या आणि अंग वाळायच्या आत परत यायच्या, कारण नाही आलं तर चूल पेटायची नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात यासाठी विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. मग मुंबई कायदेमंडळात असंच विधेयक आलं. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे. याचा बराचसा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा. पण बाईला कामाला ठेवून मालक फायदा मिळवतो, तर त्यानंही काही भार उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा.

स्वातंत्र्य मिळाल्यावर आपल्या संविधानाच्या कलम ४२ मध्ये लिहिलं गेलं की कामाची परिस्थिती माणुसकीची असावी आणि बाळंतपणासाठी सवलत मिळावी, यासाठी राज्यानं तरतूद करावी. १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ साली त्यात रजा वाढली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत. कायद्याचं नाव बदललं, पण आठवडे आणि मुख्य हक्क तेच आहेत. तेव्हा कुणी म्हणालं की "तो जुना कायदा आता गेला," तर घाबरू नका.

कुणाला मिळतं, किती मिळतं

कारखाना, खाण, मळा असेल, किंवा दहा आणि त्याहून जास्त माणसं कामाला असलेलं दुकान, दवाखाना, कार्यालय असेल, तर तिथल्या बाईला हा हक्क आहे. अट एकच. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत तिचं निदान ८० दिवस काम झालेलं असावं. ८० दिवस म्हणजे तीन महिन्यांच्याही आतलं काम. त्यात पगारी सुट्ट्याही धरल्या जातात.

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात, उरलेले नंतर. दोन मुलं आधीच हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. म्हणजे तिसऱ्या वेळी काहीच मिळत नाही, हे खरं नाही. कमी मिळतं, पण मिळतं. गर्भपात झाला तर सहा आठवडे. आपल्याकडे पोट पडलं तर बाई चार दिवसांत कामाला लागते आणि कुणाला सांगतही नाही. त्या सहा आठवड्यांचा पगार तिचा आहे, फक्त डॉक्टरांचा कागद हवा. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली तर दोन आठवडे. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिना.

आता पैशाचं गणित करू, कारण फसवणूक इथंच होते. रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांत कामाच्या दिवसाला सरासरी जी मजुरी पडली, ती धरायची. समजा रोज ४०० रुपये. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. १८२ गुणिले ४००, म्हणजे ७२ हजार ८०० रुपये. इथं काही मालक म्हणतात, "रविवारी तुम्ही कामाला नसता, मग रविवारचे कसले पैसे?" असाच वाद तमिळनाडूतल्या मळ्यावरच्या एका कामगार बाईच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९७७ साली न्यायालयानं सांगितलं की आठवडा म्हणजे सात दिवस, रविवार धरून. आमच्या हिशोबात २६ रविवार म्हणजे १० हजार ४०० रुपये. एवढे पैसे एका शब्दावर जातात किंवा राहतात.

शिवाय, मालकानं तपासण्या आणि औषधपाण्याची मोफत सोय केली नसेल तर ३ हजार ५०० रुपये वैद्यकीय बोनस. बाळंतपणाच्या आधीच्या काळाचे पैसे आगाऊ द्यायचे आणि बाकीचे, बाळंतपणाचा दाखला दिल्यावर ४८ तासांच्या आत. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीशिवाय, पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघर, आणि दिवसातून चार वेळा तिथं जाऊन बाळाला बघायची मुभा.

आता गंमत बघा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला कामाला लावणं कायद्यानं बंद आहे. ती स्वतः तयार असली तरी. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. आपल्या आज्या सव्वा महिना बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर पडू देत नव्हत्या, त्याच्या जवळपासच हे जातं. आजीला जे कळत होतं तेच कायद्यानं लिहून ठेवलं. फरक एवढाच की आजीचा सव्वा महिना घरच्यांच्या कमाईवर चालायचा. कायदा म्हणतो, तो बाईच्या स्वतःच्या कमाईवर चालला पाहिजे.

भेदभाव कसा ओळखायचा

"गरोदर आहेस म्हणून तुला काढतो," असं तोंडावर फारसं कुणी बोलत नाही. बोलणं काळजीचं असतं. म्हणून ते ओळखता यायला हवं.

"जड काम जमायचं नाही, घरी बस." कायदा याच्या उलट सांगतो. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या साधारण दहा आठवड्यांत बाईनं मागणी केली तर तिला जड, दमवणारं, फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. तिला बसून करायचं काम द्यायचं. आणि हलकं काम दिलं म्हणून पगार कापायचा नाही. म्हणजे आमच्या मैत्रिणीला खोकी उचलता येत नव्हती, तर मालकानं तिला लेबलं लावायला बसवायचं होतं.

"तू ठेकेदाराची आहेस, आमची नाहीस." किंवा "तू रोजंदारीवर आहेस, कायम नाहीस." याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं ८ मार्च २००० रोजी दिलं. महिला दिनाच्या दिवशी. दिल्ली महापालिकेत रस्त्याच्या कामावर खोदाई करणाऱ्या, माती-खडी वाहणाऱ्या हजेरीपटावरच्या बायका होत्या. कायम कामगारांना रजा मिळायची, यांना नाही. न्यायालय म्हणालं, कायदा कायम आणि रोजंदारी असा फरक करत नाही. हक्क दोघींचा सारखाच.

"तुझा करार पुढच्या महिन्यात संपतोय, मग रजा कशाची?" २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं यावरही निकाल दिला. ८० दिवसांची अट पुरी झाली असेल तर करार संपला तरी बाळंतपणाचा लाभ पूर्ण द्यावा लागतो.

"तुझ्या नवऱ्याला पहिल्या बायकोची दोन मुलं आहेत, तुझं तिसरं धरू." चंदीगडमधल्या एका परिचारिकेला असंच सांगितलं गेलं होतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सवतीची मुलं मोजून तिची रजा नाकारता येणार नाही. हे तिचं स्वतःच्या पोटचं पहिलंच मूल होतं.

आणखी एक प्रकार कामावर घेतानाच होतो. "लग्न झालंय का? मूल कधी?" पूर्वी एअर इंडियात हवाई सुंदरीला दिवस गेले की नोकरी संपायची. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात पाळीच्या आणि गरोदरपणाच्या तारखा विचारत. १९९१ साली न्यायालयानं ते रकाने काढायला लावले आणि काढून टाकलेल्या बाईला परत कामावर घ्यायला सांगितलं. २०२१ च्या डिसेंबरअखेरीस स्टेट बँकेनं तीन महिन्यांहून जास्त गरोदर असलेल्या उमेदवार महिलेला 'तात्पुरती अपात्र' ठरवणारी सूचना काढली होती. देशभरातून टीका झाल्यावर २०२२ च्या जानेवारीअखेरीस ती मागं घेतली. शिकल्या-सवरल्या बायकांच्या नोकऱ्यांत हे होतं, तर आपल्याकडे होणारच. पण जिथं बोललं गेलं तिथं ते मागं हटलं, हेही ध्यानात ठेवू.

काढलं तरी भत्ता बुडत नाही

ही गोष्ट दोनदा ऐका. रजेवर असताना बाईला कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. रजेच्या काळात तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. आणि गरोदरपणात तिला काढून टाकलं, तरी ती एरवी ज्या भत्त्याला पात्र झाली असती तो भत्ता बुडत नाही. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा, आणि तोही मालकानं लेखी आदेशानं कळवायला हवा. असं काढलं तर ६० दिवसांच्या आत दाद मागता येते. म्हणून दिवस मोजायला लगेच सुरुवात करा. "बाळंतपण होऊ दे, मग बघू," म्हणत बसलं की हे साठ दिवस निघून जातात.

आमच्या मैत्रिणीच्या बाबतीत आम्हाला कळलं तेव्हा २२ दिवस गेले होते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. तिथं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. आम्ही तिघी तिला घेऊन गेलो. वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही तिथं कामाला होता याचा पुरावा काय?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. नेमणुकीचा कागद नव्हता. पगाराची चिठ्ठी कधी दिली नव्हती.

मग घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली. बँकेचं पासबुक निघालं, त्यात दर महिन्याला ठेकेदाराच्या नावानं पगार जमा झालेला. कारखान्याचं गेटचं ओळखपत्र निघालं. आणि सगळ्यात उपयोगी पडली ती एक शाळेची वही. तिच्या मोठ्या मुलीच्या वहीत मागच्या पानावर ती रोज खूण करायची, गेले की एक रेघ, ओव्हरटाइम केला की फुली. दोन वर्षांची हजेरी तिच्या हातची होती. ८० दिवस तर केव्हाच पुरे झालेले.

वकीलबाईंनी अर्ज लिहून दिला. त्यात राजीनाम्याबद्दल स्पष्ट लिहिलं की ही सही पगार अडवून घेतली आहे. सोबत रजेची सूचना जोडली, म्हणजे रजा कोणत्या तारखेपासून हवी, पैसे कुणाच्या हाती द्यायचे आणि त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही, एवढं लिहिलेला कागद. ही सूचना आधी दिली नसेल तर बाळंतपणानंतरही लवकरात लवकर देता येते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. एक प्रत रजिस्टर पोस्टानं कारखान्याला, एक ठेकेदाराला आणि एक जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात हातोहात दिली. पोचेचा शिक्का घेतला. शिक्का घ्यायला विसरू नका बायांनो, शिक्का नाही तर अर्ज नाही.

चार हेलपाटे झाले. एस.टी.नं जाऊन-येऊन दिवस मोडायचा. आम्ही पाळ्या लावल्या, दर वेळी दोघी सोबत. तिसऱ्या हेलपाट्याच्या आधी ती बाळंत झाली, मुलगी झाली. चौथ्या वेळी तिची सासू आमच्याबरोबर आली. आधी ती म्हणायची, "मालकाशी वैर कशाला?" त्या दिवशी साहेबासमोर ठेकेदार म्हणाला, "आम्ही तिच्या तब्येतीसाठीच सांगितलं." तशी सासूबाई बोलल्या, "तब्येतीसाठी सांगितलं तर मग पगार कुठाय?" आम्ही इतके कागद केले, पण खोलीतलं वारं त्या एका वाक्यानं फिरलं, असं आम्हाला आजही वाटतं.

पैसे दोन हप्त्यांत मिळाले. रविवार धरून मिळाले. रजा संपवून ती परत गेली तेव्हा तिला झाडलोटीला लावलं. पुन्हा एक पत्र गेलं. आता ती पॅकिंगच्या टेबलावर आहे.

मालक असं का करतो

हेही समजून घेऊ, कारण नुसता राग करून भागत नाही. लहान कारखान्याचा मालक हिशोब करतो, एक बाई रजेवर गेली की तिचा पगार माझ्या खिशातून, आणि तिच्या जागी आलेल्या माणसाचाही माझ्याच खिशातून. मग तो तरण्या, लग्न झालेल्या पोरी घ्यायलाच नको म्हणतो. कायद्यानं हक्क दिला, पण भार एकट्या मालकावर टाकला, त्यातून ही पळवाट निघते.

याला उपाय आहे, तो म्हणजे कर्मचारी राज्य विमा, म्हणजेच ईएसआय. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांची नावं त्यात घालायची असतात. पगाराच्या सव्वातीन टक्के मालक भरतो, पाऊण टक्का कामगार. ईएसआय असलेल्या बाईला बाळंतपणाच्या रजेचा पगार मालक देत नाही, विमा महामंडळ देतं. मग "मला परवडत नाही" हे म्हणायला जागाच राहत नाही. म्हणून कामाला लागतानाच विचारा, "माझं ईएसआयमध्ये नाव आहे का? नंबर काय?" पगारातून कापून घेतात पण भरत नाहीत, असंही घडतं. म्हणून नंबर मागाच.

जिथं कायदा पोचत नाही

आता सगळ्यात अवघड भाग. आपल्यातल्या बहुतेक जणी कारखान्यात नाहीत. कुणी शेतावर मजुरीला, कुणी ऊसतोडीला. तिथं काय?

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल मुकादमाकडून दोघांच्या नावावर. बाईची वेगळी हजेरी नाही, वेगळी मजुरी नाही, कारखान्याच्या कागदावर ती कामगार म्हणून नाहीच. मग ८० दिवस कोण मोजणार? एक दिवस फडावर नाही गेली तर खाडा, म्हणजे दंड. सातव्या-आठव्या महिन्यात मोळ्या डोक्यावर घेऊन बायका गाडी भरतात. पाचटाच्या कोपीत बाळंत होतात. पाळीची नि पोटाची कटकट नको म्हणून किती जणी गर्भपिशवीच काढून बसल्या, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्रानं वाचलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती आली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. ज्या कामात बाळंतपणाला आणि दुखण्याला जागाच नसते, तिथं बाई आपलं शरीरच कापून कामाच्या मापात बसवते. भेदभाव कुठपर्यंत जातो याचं याहून मोठं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

अशा बायकांसाठी आज हातात आहे ते थोडं आहे, पण सोडू नका. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला दोन टप्प्यांत ५ हजार रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. त्यासाठी लवकर नोंदणी, माता-बाल संरक्षण कार्ड, तपासणी आणि पुढं बाळाचा जन्मदाखला व लसी. गावातली आशाताई किंवा अंगणवाडीताई अर्ज भरून देते. तोडीला जाण्याआधी गावातच नोंद करून घ्या आणि कार्ड बरोबर न्या. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. तिथं दोन मुलांपर्यंत साध्या बाळंतपणाला १५ हजार आणि शस्त्रक्रिया झाली तर २० हजार रुपये मिळतात. ही मदत आहे, रजा नाही. रजा हवी असेल तर आधी बाईची स्वतःच्या नावानं हजेरी लागली पाहिजे. म्हणून आमची मागणी पहिली हीच आहे: कोयता जोडीचा असला तरी नावं दोन लिहा.

आता आपल्या घरचं

तर प्रत्येकीनं आजपासून करायच्या गोष्टी. कामाचे दिवस वहीत लिहा. ओळखपत्र, पासबुक, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. कामावर घेतानाच मालकानं हे लाभ लेखी कळवायचे असतात, तो कागद मागा. दिवस गेल्याचं कळवाल ते लेखी कळवा. काढलं तर साठ दिवस मोजा. मोफत कायदेशीर मदतीचा नंबर १५१०० पाठ करून ठेवा.

आणि शेवटी आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्याशिवाय उठणार नाही. आमच्या गटाचा पापड-कुरडईचा उद्योग आहे, आम्ही सोळा जणी. तीन वर्षांपूर्वी आमच्यातलीच एक पोटुशी होती. आम्ही मीटिंगमध्ये ठरवलं, "तिला उन्हात वाळवण घालायला जमायचं नाही, तिची पाळी बंद करू." तिची पाळी बंद झाली तशी तिची वाटणीही बंद झाली. तिनं काही म्हटलं नाही. आम्हीही विचारलं नाही. या मसाल्याच्या कारखान्याच्या प्रकरणात धावपळ करताना एके दिवशी एस.टी.त तीच मैत्रीण हसून म्हणाली, "त्या सुपरवायझरानं तुमच्याकडूनच शिकलं असंल." आम्ही सगळ्या गप्प.

आमच्या सोळा जणींत कुणी मालक नाही की कुणी नोकर नाही. कायदा आम्हाला धरत नसेलही. पण चूक तीच होती. मग आम्ही ठराव केला आणि प्रोसिडिंगच्या वहीत लिहिला. गरोदर बाईचं नाव हजेरीवरून काढायचं नाही. तिला बसून करायचं काम द्यायचं, वजन करणं, पिशव्या बांधणं, हिशोब लिहिणं. बाळंतपणानंतर तीन महिने तिची वाटणी घरपोच. त्यासाठी दर महिन्याला प्रत्येकीचे २० रुपये वेगळ्या डब्यात. महिन्याला ३२० रुपये, वर्षाला ३ हजार ८४०. फार नाहीत. आणि ज्या मैत्रिणीची वाटणी तीन वर्षांपूर्वी बुडवली, तिला त्या डब्यातले पहिले पैसे दिले. तिनं ते घेतले, मोजले आणि वहीत सही केली.

तुमच्या गटाची पुढची मीटिंग असेल तेव्हा हजेरीची वही उघडा. गेल्या चार-पाच वर्षांत कुणाचं नाव मधेच गळलं, ते बघा. का गळलं, ते तिलाच विचारा. आणि काय कळलं ते आम्हाला आपल्या केंद्रावर येऊन सांगा, पुढच्या कार्यक्रमात त्यावरच बोलू.